देन्शिचीचा डावा हात

बादल्या बनवणाऱ्या बादलीकरांच्या आळीत इसोहाचीसारखा डोकी कोरणारा दुसरा नव्हता, आणि इसोहाचीसारखा भिडस्त माणूसही दुसरा नव्हता. चित्रांचे ठसे कोरणाऱ्यांत डोकी कोरणाऱ्याचा मान सगळ्यात वरचा. घरं, झाडं, पाणी, कपड्यांच्या घड्या हे हाताखालच्यांनी कोरायचं. चेहरे, केस आणि हातांची बोटं मात्र त्याने. साकुराच्या लाकडावर तो असे केस कोरी, की बायका चित्रावरून बोट फिरवून बघत. लाकडाशी इतका कडक असलेला हा माणूस दारात कोणी येऊन नुसतं "इसोदादा" म्हटलं की लोण्यासारखा वितळे. नाही म्हणणं त्याला जमतच नसे.

वर्षाआड सहाव्या महिन्यात सान्नो देवाची मिरवणूक निघे. एदो शहरातल्या आळ्याआळ्यांचे रथ थेट शोगुनच्या किल्ल्यात जात. मिरवणुकीचं चित्र मिरवणुकीच्या आधी दुकानात टांगलेलं असावं लागे, वरातीमागून घोडं कोण विकत घेणार? त्यामुळे चौथ्या महिन्यापासूनच इसोहाचीच्या ओटीवर माणसांची रीघ लागे.

"काय इसोदादा, या खेपेला मी आहे ना चित्रात?" न्हावी विचारी.

"आहेस की! कंदिलाखाली तिसरा."

"आणि मी?" तोफूवाली विचारी.

"तू पुलावर, पंखा घेतलेली."

त्या काळच्या चित्रांत गर्दीतले चेहरे सगळे एकाच साच्यातले. नाकाला एक रेघ, डोळ्यांना दोन फटी. चित्रकाराने कोणालाच डोळ्यांसमोर धरून काढलेलं नसे. तेव्हा ज्याला जो हवा तो चेहरा त्याचा. एकदा घरमालक आणि न्हावी दोघांनी एकाच माणसात स्वतःला ओळखलं आणि प्रकरण हातघाईवर आलं. इसोहाची म्हणाला, "अहो, उजवीकडून बघितला तर मालक, डावीकडून बघितला तर न्हावी." दोघांनी चित्र तिरकं धरून पाहिलं आणि दोघांना पटलंसुद्धा. अशा खोट्याने कोणाचं वाईट होत नाही, असं इसोहाचीचं मत होतं. त्याची बायको ओरिन म्हणे, "एक दिवस गळ्याशी येईल." पण तीसुद्धा हसतच म्हणे.

त्या वर्षी देन्शिची आला.

देन्शिची आळीच्या रथावरचा ढोलवाला. अडुसष्ट वर्षांचा, सुकलेल्या मुळ्यासारखा. आळीच्या रथावर गोष्टीतल्या, भाताचे गोळे कुटणाऱ्या चंद्रावरच्या सशाचा पुतळा असे, आणि सशाच्या पायाशी बसून देन्शिचीने बेचाळीस वर्षं ढोल वाजवला होता. या वर्षी गुडघ्यांनी संप केला. शिडी चढता येईना. आळीतल्या जाणत्यांनी ढोल मासेवाल्या तोरामात्सूकडे सोपवला, आणि देन्शिचीने कुरकुर न करता त्याला शिकवायलाही घेतलं. आळीला वाटलं, म्हाताऱ्याने मनावर घेतलं नाही.

ओटीवर बसून त्याने जवाचा गार चहा घेतला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "इसो, चित्रात मला घाल."

"घातलंयच म्हणून समजा आजोबा. तुम्ही तर रथावरच. ढोलावर."

"ते दर वेळी सांगतोस. लहान होतास तेव्हा तुझा उस्ताद सांगायचा, आता तू सांगतोस. मी काही दुधखुळा नाही रे. तो ढोलवाला कोणीही असतो."

इसोहाचीने त्याच्या भांड्यात आणखी चहा ओतला.

"चेहरा राहू दे. चेहरा काय, कोणाचाही चालेल. हा हात घाल." देन्शिचीने डावा हात वर केला. "हा एक वर असला ना, की सगळा एदो म्हणेल, हा बादलीकरांचा देन्शिची. एकदाच, इसो. खराखुरा मी. पुढच्या खेपेला तोरामात्सू असेल, ते ठीकच आहे."

सगळ्या एदोत डाव्या हाताने ठोका मारणारा ढोलवाला तो एकटाच. लहानपणी आईने त्याचा डावा हात फडक्याने बांधून ठेवला होता. जेवायला, लिहायला तो उजव्यावर आला. पण टिपरं हातात पडलं की डावाच पुढे सरे. त्याच्या ठोक्याला एक लंगडं, ठुमकत चालणारं वळण होतं, आणि सशाचा रथ कोपऱ्यावर यायच्या आधी लोक म्हणत, डावरा आला.

"घालतो," इसोहाची म्हणाला. दुसरं त्याच्या तोंडून काय निघणार?

दुसऱ्या दिवशी तो चित्रकार किन्सेत्सूंकडे गेला. किन्सेत्सू म्हणजे एदोतलं मोठं नाव आणि नाकावर राग. त्यांच्या रेषेला कोरणाऱ्याने जरासा धक्का लावला, तर त्या कोरणाऱ्याला पुन्हा डोकी मिळत नसत. एक जण अजून गवत आणि कौलं कोरत बसला होता. इसोहाचीने कपाळ चटईला टेकवून विनंती केली.

"डावरा ढोलवाला?" किन्सेत्सूंनी कुंचला खाली ठेवला. "लोक काय म्हणतील? म्हणतील ठसा उलटा कोरला. म्हणतील किन्सेत्सूंना डावं-उजवं कळेनासं झालं, म्हातारा झाला बिचारा. नाव कोणाचं छापायचं चित्रावर? तुझं?"

"नाही गुरुजी."

"मग जा."

तेव्हा चित्र आलं ते छापायच्या परवानगीचा सरकारी शिक्का घेऊन आणि ढोलवाल्याचा उजवा हात वर करून. आता ते इसोहाचीने देन्शिचीला सांगायला हवं होतं. तो सांगायला म्हणून तीनदा बाहेर पडला, आणि तिन्ही वेळा आळीच्या सामाईक न्हाणीघरात त्याच्याबरोबर अंघोळ करून परत आला.

"सांगितलंत?" ओरिन विचारी.

"न्हाणीघरात कसं सांगणार? माणूस उघडा असतो."

"मग तर बरंच की. अंगावर धावून यायच्या आधी कपडे घालावे लागतील त्यांना."

अखेर कामाला बसणं भाग होतं. पातळ कागदावरचं चित्र खळ लावून लाकडावर पालथं चिकटवायचं, मागून दिसणाऱ्या रेषांवर कोरायचं. कोरता कोरता कागद जातो आणि लाकूड उरतं. मूळ चित्र जगात राहत नाही. पालथं चिकटवल्यामुळे ठशावर सगळं उलटं दिसतं आणि छापल्यावर सुलटं होतं. हे आळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. देन्शिचीलाही होतं. पण एका दुपारी तो कलिंगडाची फोड घेऊन आला, खिडकीपाशी वाकला आणि ठशाकडे पाहतच राहिला.

लाकडातल्या ढोलवाल्याचा डावा हात वर होता.

"इसो," तो म्हणाला. कलिंगडाचं पाणी मनगटावरून ओघळत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. "अरे, घातलास की रे. घातलास." त्याने बोट पुढे केलं, पण ठशाला लावलं नाही. "गुरुजी कबूल झाले? मला वाटलं होतं, हा इसो नेहमीसारखा हो म्हणेल आणि विसरेल. मी तुझ्याबद्दल वाईट बोललो रे मनातल्या मनात. माफ कर."

इसोहाचीने तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता. माणसाला फार दिवस हवी असलेली गोष्ट समोर दिसली की तो तिची उलटी बाजू कुठली ते विचारत बसत नाही. इसोहाचीने तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीभर झाली. न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी डोई तशीच ठेवून येऊन सांगितलं, "देन्शिची आजोबा सगळ्यांना टिपरं दाखवत हिंडताहेत." तोफूवालीने इसोहाचीच्या घरी फुकट तोफू पाठवला. तोरामात्सूने ताजी मासळी आणून ठेवली आणि म्हणाला, "इसोदादा, लाख मोलाचं काम केलंस. म्हाताऱ्याकडून ढोल घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं मला."

इसोहाचीला ना तोफू गोड लागला ना मासळी.

"आलं गळ्याशी," ओरिन म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

"उद्या दुपारी छापणाऱ्याचा माणूस ठसा न्यायला येणार. परवा नमुन्याच्या प्रती गुरुजींकडे रंगांच्या खुणा करायला जाणार. आणि चित्र टांगलं की उजवा हात टांगला जाणार. सगळ्या आळीसमोर तोंडघशी पडेल ग तो." इसोहाचीने पटाशी उचलून धार पाहिली. "उद्या माणूस येईस्तोवर वेळ आहे. हात बदलता येईल."

"आणि गुरुजी?"

"गवत कोरीन. कौलं कोरीन."

ओरिनने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षं लाकडाचा भुसा खाऊन मिळवलेला मान होता तो. तिने त्याच्याबरोबरच खाल्लेला. "कौलंसुद्धा कोणीतरी कोरायलाच हवीत," ती म्हणाली. "काय हवंय सांगा."

"तुझा आरसा."

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर विहिरीपाशी मौज झाली. पालथ्या बादलीवर देन्शिची तोरामात्सूला धडा देत होता. समोर ओरिन पितळी आरसा धरून उभी होती, आणि तिच्यापुढे उकिडवा बसलेला इसोहाची देन्शिचीकडे पाठ करून आरशात डोळे घालून कागदावर रेषा ओढत होता. आरशातला म्हातारा उलटा, म्हणजे ठशाला हवा तसा.

"ओरिन, ते काय ग?" देन्शिचीने विचारलं.

"ऊन येतंय हो यांच्या डोळ्यांवर. ते अडवतेय."

"ऊन तर मागे आहे."

"म्हणूनच. तुम्ही वाजवा!"

घरी येऊन इसोहाचीने दार लावलं. ढोलवाल्याचे दोन्ही हात खांद्यापासून खणून काढले; लाकडात वालाच्या दाण्याएवढे दोन खड्डे राहिले. मग त्याच साकुराच्या लाकडाची दोन ठिगळं, रेषेला रेष जुळवून, हातोडीने हळू ठोकून बसवली, वरून पाण्याचा थेंब सोडला, लाकूड फुगून घट्ट झालं. आणि मग त्याने पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चित्रकाराच्या रेषेशिवाय कोरलं. आरशातून उचललेली मनगटाची ती वाकडी ढब, टिपऱ्यावर सैल सोडलेली करंगळी. भीती वाटत होतीच. पण हात असा चालत होता, की मधूनच तो गुणगुणला. ठसा नेणारा माणूस आला तेव्हा तो भुसा फुंकत होता.

चार दिवस काहीच घडलं नाही. पाचव्या दिवशी किन्सेत्सू स्वतः आले.

चित्रकार कोरणाऱ्याच्या दारी येत नसतो. आळीत पालखी थांबली तेव्हाच निम्मी आळी मागे गोळा झाली होती. किन्सेत्सूंच्या हातात नमुन्याची प्रत होती.

"हा हात कोणी फिरवला?"

इसोहाची ओटीवरून उतरून जमिनीवर बसला. "मी, गुरुजी."

"कोणाला विचारून?"

उत्तर द्यायच्या आधीच गर्दीतून गुडघे सांभाळत देन्शिची पुढे आला. गुरुजींना पाहताच तो सरळ धुळीत बसला आणि त्याने कपाळ टेकलं. "गुरुजी, मी देन्शिची. तो हात माझा. तुमच्यासारख्या थोर माणसाने माझ्या हाताकडे पाहिलं, आता मी मरायला मोकळा." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे मिरवणूक झाल्यावर."

किन्सेत्सूंनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, इसोहाचीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या आळीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. माणूस रागावून आलेला असला आणि चार लोकांनी त्याच्या मोठेपणाला नमस्कार केला, की रागाला जागा शोधावी लागते.

"वाजवून दाखव," ते शेवटी म्हणाले.

बादली आली. देन्शिचीने डावा हात उचलला, आणि तो लंगडा, ठुमकता ठोका आळीभर घुमला. तोफूवालीने नकळत ताल धरला. किन्सेत्सू म्हाताऱ्याच्या खांद्यांकडे बघत होते. मग त्यांनी बाहीतून कुंचला काढला आणि इसोहाचीच्या अंगावर ओरडले, "गाढवा! बघ ते. डोळे आहेत की नाहीत? हात डाव्याचे केलेस आणि खांदे ठेवलेस उजव्याचे! हा तुझा ढोलवाला पहिल्याच ठोक्याला रथावरून खाली पडेल. डावा वर गेला की उजवा खांदा असा खाली येतो. मान अशी. गळपट्टी अशी ओढली जाते." प्रतीवर तीन रेषा सपासप उमटल्या. "हे कोर. संध्याकाळपर्यंत. आणि पुन्हा माझ्या रेषेला मला न विचारता हात लावलास, तर बोटं छाटीन."

"हो गुरुजी."

"आणि ही करंगळी," किन्सेत्सू जाता जाता पुटपुटले, "ही राहू दे."

पालखीत बसताना ते न्हाव्याला सांगत होते, की गर्दीत एक तरी माणूस खरा असावा, हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत आहे. इसोहाचीने ते ऐकलं आणि मान खाली घालून मनापासून हसला. चित्रावर त्याचं नाव येणार नव्हतं. कोरणाऱ्याचं येतंच कुठे? डोकी मात्र त्याच्याकडेच राहिली होती.

रंगांचे ठसे पुन्हा मांडावे लागले, छापणाऱ्याने शिव्या घातल्या, पण मिरवणुकीच्या दोन दिवस आधी चित्र दुकानात दोरीला लागलं. निळं आभाळ, लाल कंदील, पांढरा ससा आणि सशाच्या पायाशी डावा हात वर केलेला ढोलवाला. दुकानापुढे अनोळखी लोकसुद्धा म्हणाले, "अरे, हा तर बादलीकरांचा डावरा!" देन्शिची त्या दिवशी दुकानावरून सात वेळा गेला, दर वेळी दुसरीकडेच काही काम असल्यासारखा.

न्हावी चित्र घेऊन ओटीवर आला. "मी कुठला, इसोदादा?"

इसोहाचीने श्वास घेतला. "खरं सांगू? तू नाहीस यात. कोणीच नाही आळीतलं. फक्त आजोबा आहेत."

न्हाव्याने चित्र डोळ्यांशी धरलं. "चल, थट्टा करतोस! हा काय मी, कंदिलाखाली. नाक बघ." आणि तो समाधानाने निघून गेला. खरं बोलूनही काही उपयोग होत नाही, असं इसोहाचीने ओरिनला सांगितलं.

मिरवणुकीच्या सकाळी आळीने देन्शिचीला रस्त्याच्या कडेला लाल चटई घालून बसवलं. एका बाजूला इसोहाची, दुसऱ्या बाजूला ओरिन आणि साकेची सुरई. म्हाताऱ्याच्या छातीशी घडी घातलेलं चित्र होतं. बेचाळीस वर्षं तो रथावर बसला होता, पण रथ समोरून येताना त्याने कधी पाहिलाच नव्हता. सशाची त्याला ओळख होती ती खालून, शेपटीकडून.

कोपऱ्यावर गलका झाला. घरांच्या छपरांवरून आधी दोन पांढरे कान आले, मग अख्खा ससा.

"अबब!" देन्शिची म्हणाला. "एवढा मोठा आहे होय हा!" तो लहान पोरासारखा मान वर करून बघत राहिला. "मी सगळा वेळ याच्या खाली बसलो होतो?"

वर तोरामात्सू झोकात वाजवत होता, सरळ, उजव्या हाताने. लाल चटई दिसली आणि त्याला भरून आलं. म्हाताऱ्याला मान द्यावा म्हणून त्याने टिपरं बदललं आणि डावा हात उंच केला. एक ठोका बरा पडला, दुसरा ढोलाच्या कडेवर, तिसरा पडलाच नाही. बासरीवाला गोंधळला, रथ ओढणाऱ्यांची पावलं चुकली, ससा डुगडुगला. रस्ताभर लोक माना वर करून थांबले.

देन्शिची चटईवर उभा राहिला. गुडघ्यांचं काय झालं कोण जाणे.

"तोरा!" एवढा आवाज त्याच्या छातीत असेल असं कोणाला वाटलं नसतं. "उजवा मार, मेल्या, उजवा! डावा माझा आहे!"

रस्ता हसून लोटपोट झाला. तोरामात्सूने कान पकडला, टिपरं उजव्या हातात घेतलं आणि दणदणीत ठोका दिला. दोऱ्या ताठ झाल्या, ससा पुन्हा डौलात किल्ल्याकडे निघाला. देन्शिची खाली बसला, आणि रथ दिसेनासा होईपर्यंत त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरून राहिला.